सेन्सर डुप्लिकेट नाही, मेसेज चुकीचा आहे

काल रात्री साडेअकराला भाचीचा फोन. "मामा, सेन्सर डुप्लिकेट निघाला. उद्या लॅमिंग्टन रोडला जाऊन बदलून आणू?" ती ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. डिप्लोमाचा प्रोजेक्ट म्हणून मेट्रो ४ च्या कामाची धूळ गॅलरीत किती येते ते मोजायचंय. सेन्सर प्लॅनटॉवर कंपनीचा पीएमएस५००३, हवेतली धूळ मोजणारा. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत वाचायला घेतला तर स्क्रीनवर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. 'डुप्लिकेट' हा निकाल तिला 'सेन्सर वाचा पाच मिनिटांत' या मेसेजने दिला. हाच मेसेज महिन्याभरात माझ्याकडे तीनदा आलाय, त्यामुळे आता लिहितोच.

मेसेज म्हणतो: रीडलाइन या आज्ञेने ओळ वाचा, डिकोड करताना, म्हणजे आलेल्या डेटाची अक्षरं करताना, एरर इग्नोर करा. चेकसम (तपासणीची बेरीज) सोडून द्या, बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) तपासा, दर वेळी पाच सेकंद थांबा. तरी कचरा आला तर सेन्सर डुप्लिकेट, परत करा.

अहो, हा सेन्सर अक्षरं पाठवतच नाही! कंपनीची डेटाशीट उघडून बघा, शेवटच्या पानांत तक्ता आहे. एक फ्रेम, म्हणजे एका वाचनाचा गठ्ठा, ३२ बाइटची; बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. पहिले दोन बाइट ६६ आणि ७७, मग लांबी, मग आकडे. प्रत्येक आकडा दोन बाइटचा, २५६ ने गुणायचा बाइट आधी. त्यात ओळ कुठून येणार? रीडलाइन १० या बाइटवर थांबतं, ती त्याच्यासाठी ओळ संपल्याची खूण; म्हणजे हवेत पीएम २.५ (बारीक धूळ, घनमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये) दहा असेल तर फ्रेम मध्येच तुटते.

खरा घात आहे 'इग्नोर'मध्ये. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत १२७ च्या पुढचा बाइट एकटा चालत नाही, म्हणून पायथन तो गुपचूप गाळतं. समजा पीएम २.५ आहे २००. बाइट येतात ० आणि २००. २०० गळतो, त्याच्या जागी पुढच्या आकड्याचा ० सरकतो, आणि वाचन होतं शून्य. २४ तासांच्या सरासरीची आपल्याकडची मर्यादा आहे ६०. दोनशेला हवा 'अतिशय वाईट' गटात असते, आणि भाचीच्या तक्त्यात ती स्वच्छ दिसणार. हे आकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये दाखवायचा तिचा बेत आहे. शेजारी दम्याचे आजोबा राहतात. चुकीचं शून्य बघून त्यांनी खिडकी उघडी ठेवली तर?

'चेकसम कंपनीसाठी असतो, सोडून द्या' हेही तितकंच वाईट. पहिल्या ३० बाइटची बेरीज शेवटच्या दोन बाइटमध्ये असते ती तुमच्यासाठीच. नुसतं ६६-७७ शोधून भागत नाही. धूळ वाढली की फ्रेममधली कणांची संख्या १६,९७३ येऊ शकते, आणि तिचे बाइट नेमके ६६ आणि ७७ असतात. तिथून वाचायला सुरुवात केली तर पुढचं सगळं चूक, आणि बेरीज जुळली नाही यावरूनच ते कळतं.

'बॉड रेट तपासा' हे मात्र बरोबर आहे, मान्य करतो. तो ९६०० च हवा, नाहीतर खरोखर कचरा येतो. पण भाचीचा ९६०० च होता.

'दर वेळी पाच सेकंद थांबा' यात अर्धं सत्य आहे. झोपेतून उठवल्यावर पंखा स्थिरावायला ३० सेकंद द्या, असं डेटाशीटच सांगते. पण लूपमध्ये, म्हणजे प्रत्येक वाचनानंतर, थांबलात तर सेन्सर पाठवत राहतो, फ्रेम बफरमध्ये (संगणकाच्या तात्पुरत्या साठ्यात) साचतात आणि तुम्ही शिळे आकडे वाचत बसता.

तिला फोनवरच सांगितलं: डिकोड काढून टाक. एकेक बाइट वाच, ६६ आणि लगेच ७७ आला की पुढचे ३० एकदम घे. बेरीज जुळली नाही तर फ्रेम फेकून दे. जुळली तर ६६ पासून मोजून तेरावा बाइट गुणिले २५६ अधिक चौदावा, हा बाहेरच्या हवेचा पीएम २.५.

बारा वाजून दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला, "मामा, ८७." सेन्सर तोच, लॅमिंग्टन रोडची फेरी रद्द.