कॅसेटच्या आत काय होतं, हे सांगणारी माणसं

जुन्या व्हिडिओ गेमवर व्हिडिओ करणारे यूट्यूबवर ढिगाने आहेत. 'आमच्या लहानपणी काय मजा होती' एवढ्यावरच थांबणारे मला फार वेळ बघवत नाहीत. जे गेम उघडून आतली गंमत दाखवतात, त्यांच्यासाठी मात्र मी झोप मोडायला तयार असतो.

नाव घ्यायचं तर आधी जेम्स रॉल्फचं. 'अँग्री व्हिडिओ गेम नर्ड' हे त्याचं पात्र. २००४ साली त्याने 'कॅसलव्हेनिया २' या गेमवर पहिला व्हिडिओ केला आणि या सगळ्या प्रकाराला वाट करून दिली. तो शिव्या घालतो, पण गेम खरोखर खेळून वैतागलेल्या माणसाच्या त्या शिव्या असतात. त्याची नक्कल करणाऱ्यांनी फक्त शिव्या उचलल्या.

'गेमिंग हिस्टोरियन' नॉर्मन करूसो अगदी उलट स्वभावाचा. शांत आवाज, भरपूर वाचन, एकही वाक्य उगाच नाही. २०१८ मधला त्याचा 'टेट्रिस'वरचा तासाभराचा माहितीपट बघाच. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोवने केलेला गेम, त्याच्या हक्कांसाठी कंपन्यांची झोंबाझोंबी, सोव्हिएत सरकारची 'एलोर्ग' संस्था, आणि १९८९ मध्ये ते हक्क मिळवायला थेट मॉस्को गाठणारा गेम प्रकाशक हेंक रॉजर्स. आमच्या आईला गेममध्ये काडीचा रस नाही, तरी ती भाजी निवडता निवडता शेवटपर्यंत बसली.

पण माझा सगळ्यात लाडका चॅनल 'रेट्रो गेम मेकॅनिक्स एक्सप्लेन्ड'. त्याचा पॅक-मॅनवरचा व्हिडिओ घ्या. १९८० च्या या गेममध्ये २५६ वी लेव्हल आली की पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरं आणि रंगीत तुकड्यांनी भरून जातो आणि पुढे जायची वाटच राहत नाही. कारण लेव्हलचा आकडा एका बाइटमध्ये, म्हणजे मेमरीच्या एका छोट्या कप्प्यात ठेवलाय आणि बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं. मोजणी शून्यापासून, म्हणून २५६ व्या लेव्हलला आत २५५ असतात. पडद्याच्या खाली लेव्हल दाखवणारी फळांची रांग काढणारा कोड त्यात एक मिळवतो आणि त्याचं होतं शून्य. आता तो शून्यातून एकेक वजा करत फळं काढायला लागतो. पुन्हा शून्य येईपर्यंत थांबायचं नाही, म्हणजे २५६ फळं! एवढी फळं ठेवायला जागा कुठली? मग तो भलत्याच मेमरीतलं उचलून पडद्यावर फासत सुटतो. हे सगळं चित्रांनी पायरी पायरीने दाखवलंय. प्रोग्रामिंग येत नसलं तरी समजतं. असं शिकवणारा मास्तर शाळेत मिळाला असता तर किती बरं झालं असतं!

'डिस्प्लेस्ड गेमर्स' या चॅनलची 'बिहाइंड द कोड' मालिकाही त्याच तोलाची.

एक गोष्ट मात्र यांच्यापैकी कुणाकडून मला मिळाली नाही. ते बोलतात निन्टेन्डोबद्दल. जपानमध्ये १९८३ साली आलेला निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा टीव्हीला जोडून खेळायचा गेमचा डबा आपल्या घरी आला तो नकलेच्या रूपात, 'टीव्ही गेम' म्हणून. त्यात घालायच्या गेमच्या कॅसेटच्या लेबलवर '९९९९ इन १', आत वेगळे गेम मोजकेच, बाकी तेच गेम दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारे. गोव्यात फोंड्याच्या घरी माझी एक कॅसेट उघडली तर आत नाव-नंबर असलेली चिपच नाही. बोर्डावर काळ्या रेझिनचा गोळा, त्याखाली सगळं दडलेलं. कॉन्टॅक्टच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढलेला. आपली दमट हवा आणि वर आपण मारलेल्या फुंकरी! फुंकरीतल्या ओलाव्याने धातू गंजतो, निन्टेन्डो स्वतःच तसं करू नका म्हणून सांगायची.

तो बोर्ड कुणी बनवला, तो आपल्याकडे कसा पोचला, हा आपला इतिहास आहे आणि तो आपल्याच भाषेत सांगितला गेला पाहिजे. मी मराठीत असा व्हिडिओ करायला घेतलाय.

चवथीची साफसफाई सुरू होईल. पोटमाळ्यावरचा टीव्ही गेम भंगारात द्यायच्या आधी खोक्याचा, लेबलचा आणि स्क्रू निघत असतील तर बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून खाली टाका. म्हापशाच्या बाजारातून घेतलेला असो की मामाने कुवेतहून आणलेला, कुठून, कधी, कितीला, आठवेल तेवढं लिहा. कुणाला द्यायचाच असेल तर मी फोंड्याहून येऊन घेऊन जाईन.