उधारीची वही आणि तीन आठवड्यांची मुदत

दिवाळीत जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला मावशीकडे गेलो, तेव्हा मावसभावाच्या केळी वेफर्सच्या कारखान्याला कुलूप लागून चार महिने झाले होते. ओट्यावर दोन मते होती. धंदा हे आपले काम नव्हे, असे थोरले म्हणत होते. अनुदान वेळेवर मिळाले असते तर कारखाना तगला असता, असे तरुण म्हणत होते. मी बारा वर्षे जर्मनीत असल्याने 'तुमच्याकडे कसे असते?' हा प्रश्न माझ्याकडे आला. तेव्हा नीट उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याची वही पाहिली. डाव्या पानावर केळी, तेल, मजुरी, सगळे त्याच दिवशी रोख दिलेले. उजव्या पानावर भुसावळ, जळगाव, बऱ्हाणपूरच्या दुकानदारांची नावे आणि पुढे पेन्सिलीने 'बाकी'. काही बाकी तर मागच्या दिवाळीपासूनची. प्रत्येक पाकिटामागे नफा होता, खपही वाढत होता, आणि नेमके तिथेच दुखणे होते, कारण खप जितका वाढे तितकी अधिक रक्कम दुकानदारांकडे अडकत जाई. त्याने मात्र वाढता खप पाहून कर्जावर दुसरी कढई बसवली.

जर्मनीत मर्यादित जबाबदारीच्या कंपनीची देणी भागेनाशी झाली, तर संचालकाला उशिरात उशिरा तीन आठवड्यांत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागतो. टाळले तर तो गुन्हा ठरतो. त्यामुळे तिथला लहान उद्योजकही पुढच्या महिन्यात कोणत्या तारखेला किती रक्कम हातात असेल, याकडे लक्ष ठेवून असतो. आपल्याकडे कारखाना बंद करणे म्हणजे घराण्याची अब्रू जाणे, म्हणून शेवटचे सहा महिने तो चालू ठेवायला मावशीचे दागिने गहाण पडले. मला या साऱ्यात सर्वांत जास्त त्या दागिन्यांचे वाईट वाटते.

तिकडचा कायदा इथे आणावा, असे माझे म्हणणे नाही. इथेही २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. पण ज्याच्या दुकानात उद्या पुन्हा माल ठेवायचा आहे, त्याच्यावर तक्रार कोण करणार? आणि उद्योग आपल्या मातीत रुजत नाही, हे तर मुळीच खरे नाही. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये याच जिल्ह्यातल्या अमळनेरला वनस्पती तुपाने झाली. जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये जळगावात रॉकेल विक्रीने आरंभ केला आणि पपईच्या चिकापासून काढल्या जाणाऱ्या पपेनच्या कारखान्याकडे ते १९७८ मध्ये वळले. म्हणजे यंत्रांआधी पंधरा वर्षे त्यांनी व्यापारात काढली होती.

नव्याने उतरणाऱ्याने हा क्रम पाळावा, असे मला वाटते. आधी एक हंगाम दुसऱ्याचा माल विकून कोण कधी पैसे देतो ते पाहावे, प्रत्येक दुकानाची उधारीची मर्यादा पहिल्याच दिवशी सांगावी, आणि कोणत्या रकमेपलीकडे घरचा पैसा घालायचा नाही, ते घरच्यांसमोर लिहून ठेवावे.

निघताना मी मावसभावाला भुसावळच्या सर्वांत जुन्या बाकीबद्दल विचारले. तो म्हणाला, "दादा, ते सासऱ्यांच्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे कसे मागू?"