राखीगढीचा निबंध आपण अर्धाच वाचतो

सप्टेंबर २०१९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात राखीगढी या हडप्पाकालीन स्थळी सापडलेल्या एका व्यक्तीच्या जीनोमवरचा, म्हणजे तिच्या संपूर्ण डीएनएवरचा शोधनिबंध आला. त्याच्या शीर्षकातच दोन नकार आहेत. या हडप्पाकालीन व्यक्तीत स्टेपच्या, म्हणजे युरेशियाच्या गवताळ पट्ट्यातल्या पशुपालकांचा वारसा नाही आणि इराणी शेतकऱ्यांचाही नाही. एका बाजूने त्यातून "बाहेरून कुणी आलंच नाही" एवढंच उचललं. दुसऱ्या बाजूने "आर्य नंतर आले, सिद्ध झालं" एवढंच. इतकी वर्षं झाली, तरी फेसबुकवर हेच दोन तुकडे फिरतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ते काम कमालीचं अवघड होतं आणि त्यातून जे कळलं ते या दोन्ही घोषणांपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

राखीगढी हरियाणातल्या हिसार जिल्ह्यात आहे; तिथलं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केलं. सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले, त्यातून उपयोगी डीएनए मिळाला फक्त एकाचा. ती बाई होती. दफनाच्या संदर्भावरून तिचा काळ इ.स.पू. २८०० ते २३०० धरला आहे. बाकीचे नमुने का गेले? ऊन आणि ओल. डीएनएची साखळी उष्णतेत भराभर तुटते. सायबेरियाच्या गोठलेल्या मातीत जे हजारो वर्षं टिकतं, ते आपल्या हवामानात विरून जातं. म्हणून कवटीतलं, आतल्या कानाभोवतीचं पेट्रस हाड शोधतात. शरीरात याच्याइतकं घट्ट हाड दुसरं नाही.

त्या हाडाचा वरचा थर खरवडून आतली जेमतेम पन्नासेक मिलिग्रॅम पूड घेतात. ईडीटीए या रसायनाने कॅल्शियम विरघळतं, प्रोटीनेज के हे विकर प्रथिनं तोडतं, मग सुटलेला डीएनए सिलिकाला चिकटवून गोळा करतात. हाती लागतात ते बहुधा ३० ते ७० अक्षरांचे (डीएनए ए, सी, जी, टी या चार रासायनिक अक्षरांचा असतो) तुकडे आणि त्यातले बहुतेक मातीतल्या जिवाणूंचे. माणसाचे तेवढे वेचायला जीनोममधल्या सुमारे १२ लाख ठरावीक जागांसाठी गळ टाकावे लागतात. राखीगढीच्या या एका नमुन्यापासून शंभराहून जास्त लायब्ररी, म्हणजे यंत्राला वाचता येतील असे तयार केलेले डीएनए-तुकड्यांचे संच, बनवल्या, तेव्हा कुठे साधारण ३१ हजार जागा वाचता आल्या.

डीएनए तिचाच, हाड हाताळणाऱ्याचा नाही, हे कशावरून? जुन्या तुकड्यांच्या टोकांना 'सी' हे अक्षर झिजून 'टी' असं वाचलं जातं. ही झीज दिसली नाही तर समजावं की तुकडे आजच्या कुणाचे तरी आहेत. अशा बातमीत मी सर्वात आधी हेच शोधतो.

एकाच बाईवरून एवढं कसं सांगता, असा आक्षेप असतो. तो अर्धा बरोबर आहे. जीनोममधली प्रत्येक जागा वेगळ्या पूर्वजाकडून आलेली असू शकते, त्यामुळे एका माणसात त्याच्या शेकडो पूर्वजांची साक्ष असते. पण तेवढ्यावरून अख्ख्या सिंधू संस्कृतीतली माणसं अशीच होती, असं म्हणता येत नाही. इथे आधार आहे तो तुर्कमेनिस्तानातलं गोनुर आणि इराणमधलं शहर-ए-सोख्ता इथे सापडलेल्या ११ जणांचा. ते आजूबाजूच्या लोकांपेक्षा वेगळे आणि या बाईशी जुळणारे निघाले. ते सिंधू खोऱ्याकडून तिकडे गेले असावेत हा अंदाज त्यामुळे बळकट झाला.

आता दुसरा नकार, जो सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जातो. या बाईच्या वारशातला मोठा हिस्सा प्राचीन इराणच्या लोकांशी नातं सांगणाराच आहे! निबंधाचं म्हणणं एवढंच की ही शाखा शेती सुरू होण्याआधी, १२ हजार वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. म्हणजे इराणातून शेतकऱ्यांचे लोंढे आले आणि त्यांनी इथे शेती आणली, हे चित्र टिकत नाही.

पहिल्या नकाराचा अर्थ त्याच सुमारास 'सायन्स'मध्ये आलेल्या ५२३ प्राचीन व्यक्तींच्या अभ्यासाशेजारी ठेवल्यावरच लागतो. तिच्यात नसलेला स्टेप वारसा आज बहुतेक भारतीयांत कमी-अधिक आहे. तो इ.स.पू. २००० ते १५०० च्या दरम्यान दक्षिण आशियात आला, असं त्या अभ्यासातून दिसतं. हे स्थलांतर झालं आणि इंडो-युरोपीय भाषा इकडे येण्याचं सर्वात सबळ स्पष्टीकरण तेच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण भाषा गुणसूत्रात लिहिलेली नसते, तो दुवा भाषाशास्त्रानेच जोडावा लागतो. तलवार की सोयरीक, हेही डीएनए सांगत नाही.

तारखांबाबत एक गफलत नेहमी होते. दर पिढीला वारशाचे सलग तुकडे कापले जाऊन लहान होतात. त्यांच्या लांबीवरून पिढ्या मोजतात आणि पिढीला साधारण २८ वर्षं धरतात. ही तारीख मिसळण्याची असते, येण्याची नव्हे. लोक येऊन शतकानुशतकं वेगळे राहिले, तर आकडा उशिराचाच येणार. शिवाय मिसळणं बराच काळ चालू राहिलं असेल, तर मिळते ती सरासरी.

आणि घरपोच डीएनए-चाचणीच्या किटमध्ये 'आर१ए' हा हॅप्लोग्रुप (वाय गुणसूत्रावरून ठरणारा पितृवंशाचा गट) आला म्हणून स्वतःला आर्य ठरवणाऱ्यांसाठी: वाय गुणसूत्र म्हणजे बापाच्या बापाच्या बापाची एकच रेघ. दहा पिढ्या मागे गेलं तर वंशवृक्षात १०२४ जागा असतात, हा हॅप्लोग्रुप त्यातल्या एकाबद्दल बोलतो. उरलेल्या १०२३ जणांचं काय? पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातल्या लोहयुगीन नमुन्यांत तर स्टेप वारसा मुख्यतः बायकांकडून आलेला दिसतो, आणि आजच्या भारतीयांत पुरुषांच्या बाजूने जास्त. एका रेघेवर जात किंवा धर्म टांगणं म्हणजे निव्वळ चूक.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर घोड नदीकाठच्या इनामगाव इथल्या प्राचीन वस्तीचा काळ साधारण इ.स.पू. १६०० ते ७००, म्हणजे हे मिसळणं चालू असतानाचाच. तिथे घरांच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली मुलं सापडली. अशा कुठल्याही स्थळी पुढे खोदाई झाली, तर हाडं धुऊ नका, त्यांना वॉर्निश किंवा डिंक लावू नका, उघड्या हाताने उचलू नका. कवटी निघाली की पेट्रसचा भाग हातमोजे घालून वेगळा काढा, सावलीत कोरडा होऊ द्या आणि थंड जागी ठेवा.