मिडब्रेन बंदच नाही, तर चालू काय करणार?

उन्हाळी सुट्टी जवळ आली की ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आंब्याच्या पेट्यांच्या जाहिराती सुरू होतात, आणि त्यांच्या मागोमाग मेंदूच्या. हापूस देवगडचा की कर्नाटकचा यावर तासभर हुज्जत चालते. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन, वय ५ ते १५, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचन’ यावर मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. क्लासला घातलं की मुलाचा मिडब्रेन ‘चालू’ होतो, मग ते पट्टी बांधूनही वाचतं आणि त्याची स्मरणशक्ती वाढते, असा हा दावा. फक्त फी विचारतात. ती आंब्याच्या पेटीपेक्षा कितीतरी जास्त असते.

मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, त्यालाही जमाना झाला. मेंदूतज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. पण या जाहिरातीतली हवा काढायला तज्ज्ञ लागत नाही, मेंदूची तोंडओळख पुरते.

मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू. मेंदू खाली निमुळता होत मज्जारज्जूला मिळतो, त्या भागाचा अगदी वरचा तुकडा. लांबी जेमतेम दोन सेंटीमीटर. मागून अचानक हॉर्न वाजला की मान तिकडे वळते, डोळे हलतात, उजेडात बाहुली बारीक होते, या सगळ्यात त्याचा हात असतो. डोपामाइन हे रसायन बनवणाऱ्या पेशींचे महत्त्वाचे पुंजके तिथेच आहेत, आणि त्यातल्या एका पुंजक्यातल्या पेशी मरत गेल्या की कंपवात होतो. आपण शुद्धीवर असतो त्यातही त्याचा वाटा आहे. बेशुद्ध पेशंटच्या डोळ्यात डॉक्टर टॉर्च मारून बघतात, तेव्हा मिडब्रेन शाबूत आहे का, हेही ते तपासत असतात. तेव्हा ज्या मुलाचा मिडब्रेन खरोखर ‘इनॲक्टिव्ह’ असेल ते आयसीयूत सापडेल, क्लासच्या सतरंजीवर नाही.

आता पट्टी बांधून वाचण्याचं. उजेड डोळ्यात शिरून आतल्या पडद्यावर पडतो, तिथून संदेश दृष्टिचेतेने थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या टप्प्याकडे आणि पुढे डोक्याच्या पार मागच्या भागात जातो. अक्षर ‘दिसायला’ सुरुवात होते ती तिथे. मिडब्रेनकडे जाणारी एक शाखा आहे, पण ती नजर वळवण्याच्या कामाची. अक्षरं वाचणं तिच्या खात्यात येत नाही. आणि मुळात उजेडच आत आला नाही तर पुढे पाठवायला काही नाही.

मग पोरं वाचतात कशी? एका डेमोला मी मुद्दाम जाऊन बसले. प्रत्येक मूल पुस्तक छातीच्या खाली धरत होतं आणि हनुवटी किंचित वर. आंधळी कोशिंबीर खेळलेल्या कोणालाही सांगायला नको की नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी कधीच घट्ट बसत नाही. मी विचारलं, पुस्तक कपाळासमोर धरून वाचायला सांगता का? सर म्हणाले, ‘मॅडम, अशा निगेटिव्ह विचारांनी मुलांचं ॲक्टिव्हेशन जातं.’ आजूबाजूच्या पालकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच फी बुडवून आत आले होते.

मुलांना मी खोटारडी म्हणणार नाही. आईबाप पहिल्या रांगेत मोबाइल रोखून बसलेत, पैसे भरलेत, शेजारचा धडाधड वाचतोय. आठ वर्षांच्या पोराने काय करावं? फटीतून दिसतंय हे त्याला कळतं, आणि ते बोलायचं नाही हेही कळतं. विज्ञानाच्या नावाखाली हे शिकवलं जातंय याचाच मला जास्त राग येतो.

‘आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो’ हे तर या लोकांचं भरतवाक्य. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के, पण बसल्या जागी शरीर खर्च करतं त्या ऊर्जेतली जवळपास वीस टक्के तो एकटा खातो, झोपेतही खाणं थांबवत नाही. नव्वद टक्के भाग रिकामटेकडा असता तर पक्षाघाताच्या बहुतेक झटक्यांनी कोणाचं काही बिघडलं नसतं. घरात असा पेशंट पाहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एका माणसाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. त्याला बोललेलं बरंच समजायचं, पण तोंडातून ‘टान’ याखेरीज जवळपास काही निघायचं नाही. बिघाड सापडला तो डाव्या बाजूला, पुढच्या भागात. म्हणजे एक भाग बिघडला आणि बोलणंच गेलं.

डावा मेंदू गणिताचा, उजवा कलेचा, हीही अशीच चुरचुरीत अर्धी गोष्ट. मेंदूसंशोधक रॉजर स्पेरी यांना १९८१ साली नोबेल मिळालं ते अपस्माराच्या अशा पेशंटांवरच्या कामासाठी, ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धांमधला जोड शस्त्रक्रियेने कापलेला होता. तुमच्याआमच्या मुलांचा तो जोड शाबूत आहे आणि त्यात सुमारे वीस कोटी तंतू आहेत. भाषेचं बरंचसं काम बहुतेकांत डावीकडे चालतं, एवढं खरं. म्हणून कोणी ‘उजव्या मेंदूचा’ होत नाही.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते ‘स्मरणशक्ती वाढवून देऊ’ यावर. कुठली स्मरणशक्ती?

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणावर शस्त्रक्रिया झाली. अपस्माराचे झटके थांबेनात म्हणून डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या आतल्या बाजूचा, दोन्हीकडचा, हिप्पोकॅम्पस नावाच्या अवयवाचा मोठा भाग काढून टाकला. झटके कमी झाले. बुद्धी जागेवर, बोलणं जागेवर, लहानपणीच्या आठवणी बऱ्याचशा जागेवर. पण नवी आठवण तयार होईना. भेटून गेलेला माणूस थोड्या वेळाने परत आला तर तो नवाच. असा तो २००८ पर्यंत जगला. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं: आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायची. करून बघा, हात भलतीकडेच जातो. हेन्री ती दिवसेंदिवस सफाईने काढू लागला, आणि दर वेळी त्याचं म्हणणं एकच, हे मी पहिल्यांदाच करतोय.

काय शिकलो ते डोक्यात नाही, पण हात शिकलाय! म्हणजे काल काय जेवलो ते लक्षात ठेवणारी यंत्रणा वेगळी आणि सायकल कशी चालवायची ते लक्षात ठेवणारी वेगळी. या दुसरीत लहान मेंदू (सेरेबेलम) आणि आतल्या खोल केंद्रांचं काम मोठं. एका बटणाने वाढेल अशी ‘स्मरणशक्ती’ नावाची एकच वस्तू डोक्यात नाहीच.

मेंदू बदलत नाही का? बदलतो, आणि तेच खरं नवल आहे. सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी, प्रत्येकीचे शेजारणींशी हजारो जोड, आणि वापराप्रमाणे ते जोड घट्ट किंवा सैल होत राहतात. लंडनच्या टॅक्सीचालकांना लायसन्ससाठी शहरातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. मेंदूसंशोधक एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली मेंदूचे स्कॅन काढून दाखवलं की त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मग शिकाऊ उमेदवारांवर काही वर्षं नजर ठेवली. जे परीक्षा पास झाले त्यांच्यात तो वाढलेला दिसला, नापासांत नाही. आणि गंमत पुढेच आहे: हेच चालक नवीन आकृती बघून नंतर आठवून काढण्यात बसचालकांपेक्षा कच्चे निघाले. रस्ते पाठ केले म्हणून बाकीचं आपोआप सुधारलं असं झालं नाही. (आपल्या स्टेशनबाहेरच्या जुन्या रिक्षावाल्यांचं असं स्कॅन काढलं तर काय दिसेल, याची मला भयंकर उत्सुकता आहे. निदान मेट्रोच्या कामात रोज बदलणारे रस्ते त्यांना पाठ असतात.)

एक जाता जाता. ‘याला ठाण्याला न्या’ हा विनोद ऐकतच आम्ही ठाणेकर वाढलो. मनोरुग्णालय इथे १९०१ पासून आहे. मेंदू आजारी पडला की थट्टा, आणि धडधाकट मुलाच्या मेंदूवर मात्र हजारोंची फी. ही कुठली तऱ्हा?

मागच्या वर्षी माझी धाकटी जाऊ विचारत होती, ‘ताई, तुम्ही सायन्सच्या, घालू का हो याला?’ पोरगा दुसरीत. सकाळी साडेसहाला स्कूलबस, संध्याकाळी अबॅकस, मग ट्युशन, नवरा ट्रॅफिकमधून नऊला घरी आल्यावर जेवण, झोपायला साडेअकरा. मी म्हटलं, सहा ते बारा वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात, आणि दिवसा शिकलेलं पक्कं करायचं बरंचसं काम मेंदू झोपेतच उरकतो. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी दिवसाचा क्रम झोपेत पुन्हा चालवतात, हे उंदरांच्या मेंदूत नोंदवलेलं आहे. तू त्याचे तेच तास कापतेस आणि वर ॲक्टिव्हेशनचे पैसे भरतेस?

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग अबॅकस बंद केलं. पोरगा आता पालिकेच्या तलावात पोहायला जातो आणि नऊला, बाबांची वाट न बघता, झोपतो. आमच्या सासूबाई दर रविवारी विचारतात, ‘मग गणितात मार्क वाढले का?’ अजून तरी नाही. पण हल्ली सकाळी त्याला तिसऱ्यांदा हाक मारावी लागत नाही.