क्लॅम्प पुरत नाहीत

शिडाच्या होडीचं सुकाणू ज्या दांड्याने वळवतात तो टिलर मुळातच उलट्या खोपडीचा. डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. असा दांडा घरी करावा, तोही पट्ट्या चिकटवून, ही हौस माझीच. बायकोने फक्त एकदा विचारलं, "विकत मिळत नाही का?" मिळतो. म्हणूनच मी उत्तर दिलं नाही.

हा दांडा बाकदार लागतो. अखंड फळीतून तसा कापला तर बाकाच्या जागी लाकडाचे धागे तुटतात आणि ऐन वाऱ्यात तो तिथेच मोडतो. म्हणून पातळ पट्ट्या वाकवायच्या, एकावर एक चिकटवायच्या. धागे मग बाकाबरोबर वळतात. चिवटपणासाठी फिकट ॲशचं लाकूड, मध्ये गडद महोगनी. महोगनी कशाला, असं विचारू नये. पट्टे छान दिसतात.

५ मिलिमीटरची पट्टी कापायला करवतीचं पातं जवळजवळ ३ मिलिमीटर लाकूड खातं. म्हणजे पैसे मोजले लाकडाचे आणि झाडून काढला भुसा. तोही महोगनीचा, त्यामुळे टाकवत नाही.

पण खरा मालक इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून करायचा गोंद. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की घड्याळ त्यांचं, आपण गडी. घट्ट व्हावं म्हणून हार्डनर 'अंदाजाने जरा जास्त' घालण्याची आपली स्वयंपाकघरातली सवय इथे चालत नाही. प्रमाण चुकलं तर ते जन्मभर चिकट राहतं. खोल भांड्यात ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं, वेळेआधी आळतं, कधी धूरही सोडतं. पसरट ट्रेमध्ये ओतलं की जरा शांत होतं.

मग पट्ट्यांना ते फासायचं आणि साच्यावर दाबायचं. साच्यावर आधी प्लॅस्टिक पसरायचं, नाहीतर साचाही होडीला जोडावा लागेल. इपॉक्सी लागलेल्या पट्ट्या ताज्या मासळीसारख्या निसटतात. या टोकाला आवळून धरणारा क्लॅम्प लावला की त्या टोकाची महोगनी बाहेर डोकावते. ती आत ढकलली की मधली ॲश वर येते. हातमोजे चिकट, नाकाला खाज, आणि मित्र दारात उभा राहून म्हणतो, "अजून आवळ ना!" हा सल्ला फुकट मिळतो, कारण त्याची किंमतच तेवढी आहे. फार आवळलं तर सगळा गोंद बाहेर येतो आणि जोड कोरडा राहतो. दोन पट्ट्यांमधून गोंदाची बारीक, सलग माळ डोकावली की थांबायचं. ती माळ सगळीकडे दिसते. जिथे क्लॅम्प संपलेत तिथे सोडून. क्लॅम्प कितीही असोत, एक कमीच पडतो. शेवटी त्या जागी मित्रालाच दाबून धरायला लावलं. तेव्हापासून त्याने सल्ला दिलेला नाही.

साच्यातून सुटल्यावर दांडा किंचित सरळ होतोच. त्यामुळे साचा आधीच जरा जास्त वाकडा करून ठेवावा लागतो. मग इपॉक्सीवर आलेला मेणचट थर पाण्याने धुवायचा, रंधा मारायचा, पॉलिश पेपर घासायचा. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून त्यावर ऊन अडवणारं व्हार्निश. त्याचे थरावर थर द्यायचे आणि दोन थरांमध्ये पुन्हा घासायचं. हे चालू असताना घरातली सगळी चिलटं दर्शनाला येतात.

तयार झाला तेव्हा पट्टे असे चमकले की पाहतच राहावं. मात्र जाणत्यांचं म्हणणं, होडी उभी असताना दांडा उघडा ठेवू नये, व्हार्निशही उन्हाने जातं. जाड कापडाची खोळ घालावी. होडी चालू असेल तेव्हा निम्मे पट्टे माझ्या मुठीत असणार. उरलेल्या वेळी खोळीत.

"खोळ मी शिवणार नाही," बायको म्हणाली.