गॅरेजमधला 'बिनभांडवली' गूगल: थोडा खुलासा

'कॉलेज सोडलेल्या दोन पोरांनी 1998 मध्ये खिशात दमडी नसताना गॅरेजमध्ये गूगल काढलं आणि ते रातोरात अब्जाधीश झाले,' असा मेसेज पुन्हा फिरतोय. गॅरेज खरं आहे. बाकीचं बरंचसं पदरचं.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पीएचडी अर्धवट सोडली, पण स्टॅनफर्डची मास्टर्स पदवी दोघांकडेही होती. शोधयंत्राचं काम 1996 पासूनच विद्यापीठात सुरू होतं. तेव्हा त्याचं नाव होतं 'बॅकरब'. पेजरँकचं, म्हणजे कुठलं वेबपान आधी दाखवायचं हे ठरवणाऱ्या पद्धतीचं, पेटंटसुद्धा स्टॅनफर्डच्या नावावर होतं. ते वापरू देण्याच्या बदल्यात विद्यापीठाला गूगलचे शेअर मिळाले आणि पुढे ते विकून सुमारे 33.6 कोटी डॉलर मिळाले. ही गोष्ट मेसेजवाल्यांना कशी कोण जाणे, कधीच आठवत नाही!

दमडी नव्हती म्हणावं, तर ऑगस्ट 1998 मध्येच 'सन मायक्रोसिस्टिम्स' या संगणक कंपनीचे सहसंस्थापक अँडी बेक्टोल्शाइम यांनी 1 लाख डॉलरचा चेक फाडला होता. कंपनीची नोंदणी त्यानंतर, सप्टेंबरमध्ये झाली. मेन्लो पार्कमधलं ते गॅरेजही फुकटचं नव्हतं, घरमालकीण सुझन वोजिस्की यांना त्याचं भाडं जात होतं. 1999 मध्ये दोन मोठ्या गुंतवणूकदार कंपन्यांकडून 2.5 कोटी डॉलर आले.

वाढ झपाट्याची होती, यात वाद नाही. 2001 मध्ये सुमारे 8.6 कोटी डॉलर असलेलं उत्पन्न 2003 मध्ये जवळपास 147 कोटींवर गेलं. पण ते आलं मुख्यतः जाहिरातींतून, आणि क्लिकमागे पैसे घेण्याची कल्पना 'गोटू' नावाच्या कंपनीने आधीच रुजवली होती. शेअर बाजारात गूगल उतरलं ते 19 ऑगस्ट 2004 रोजी, 85 डॉलर भावाने. 'रातोरात' म्हणतात ती रात्र आठ वर्षांची होती.