अमेरिका किती तास?

इंग्रजांनी झिरो माईलचा खांब आमच्या गावात रोवला आणि अंतराच्या बाबतीत नागपूरकराशी वाद घालायची सोय संपली. देशाच्या मधोमध राहण्यातली गोम मात्र परदेशाचं तिकीट काढताना कळते. कुठल्याही दिशेनं निघा, बाहेर पडायला आधी अर्धा देश ओलांडायचा.

मावशीची मुलगी न्यू जर्सीत. तिचं बाळंतपण जवळ आलं, मावशी आणि काकांचं जायचं ठरलं. सगळ्या भाचरांत विमानातलं मला कळतं अशी अफवा असल्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. काका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांना गाडीचं टायमिंग कळल्याशिवाय जेवण जात नाही.

"दिल्ली ते न्यूयॉर्क किती किलोमीटर?"

"पावणेबारा हजारांच्या आसपास."

"अन् स्पीड?"

"ताशी साधारण 900."

वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार झाला. "तेरा तास. मग हे सोळा काहून दाखवून राहिले?"

पश्चिमेकडे जाताना उंचावरचे वारे समोरून येतात, हे मी सांगितलं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना स्वतःचं आकाश बंद केलं, म्हणून वळसाही पडतो, हेही सांगितलं. वारा त्यांनी धुडकावला. वळसा लगेच पटला. "डायव्हर्शन म्हण ना मग!"

खरं महाभारत पुढेच होतं. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे, मुंबईही डावीकडे. दिल्ली वर. "डावीकडे जायचं तर वर काहून जायचं?" मी नातवाचा पृथ्वीगोल काढला. मावशीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा नागपूर-न्यूयॉर्क ताणून धरला. दोरा निघाला थेट उत्तरेकडे, जरासा डावीकडे झुकून, पार रशियाच्या डोक्यावरून. दिल्ली जवळजवळ वाटेतच! सरळ गेलं तर साडेबारा हजारांच्या थोडं वर, दिल्लीमार्गे तेवढंच, मुंबईमार्गे मात्र सहाशे-एक किलोमीटर जास्त. काकांनी गोल फिरवून पाहिला, दोरा स्वतः ताणून पाहिला आणि गोल चिनी बनावटीचा असल्याचं जाहीर केलं.

मावशीला किलोमीटरशी देणंघेणं नव्हतं. तिचा प्रश्न एकच, पोहोचायचं कधी? रात्री अडीचला दिल्ली सोडायची, सकाळी आठला न्यूयॉर्क. तारीख तीच.

"म्हणजे साडेपाच तास!" मावशी हरखली. "आपली पुण्याची ट्रॅव्हल्स तर रात्रभर जाते."

हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, हे मी समजावलं. तोवर तिनं फोन करून तीन घरांत साडेपाच तास पोहोचवलेही होते. आता वस्तीत कोणी सोळा म्हटलं की मीच खोटा.

शिवाय सोनेगाव विमानतळावर दुपारीच पोहोचायचं, दिल्लीला पावणेदोन तास, मग तिथे मध्यरात्र होईपर्यंत नुसतं बसायचं. संत्रा बर्फीचे डबे सुटकेसमध्ये की हातात, यावरून झालेला खल मी या हिशेबात धरलेला नाही. धरला तर आकडा दिवसांत सांगावा लागेल.

परतीचा वेळ कमी दिसला तेव्हा काका पुन्हा सावरून बसले. येताना तोच वारा पाठीशी असतो, दीड-दोन तास वाचतात, असं मी म्हणालो.

"वाचतात ना? मग भाडं काहून कमी नाही?"

विमान कंपनीला लिहायच्या पत्राचा मसुदा सध्या माझ्याकडे तपासायला आहे.